उंडेऱ्याचा हिशेब : विज्ञानावर विश्वास ठेवायचा म्हणजे नेमके काय करायचे?

बडोदे शहराच्या वायव्येला, गोरव्याच्या पुढे, रिफायनरीच्या बाजूला उंडेरा नावाचे गाव आहे. आता ते शहराला जवळजवळ चिकटले आहे. आपल्यापैकी अनेकांचे त्या रस्त्याने जाणे-येणे झाले असेल. पण १८९८ साली या लहानशा गावाची आकडेवारी मुंबईपासून लंडन-पॅरिसपर्यंतच्या डॉक्टरांनी बारकाईने वाचली होती, हे आपल्या बडोदेकरांपैकी फार थोड्यांना ठाऊक असते. प्लेगची लस खरोखर उपयोगी पडते की नाही, या प्रश्नाचे एक अतिशय स्पष्ट उत्तर त्या गावातल्या घरांतून मिळाले होते.

ही गोष्ट आज सांगावीशी वाटते त्याला कारण आहे. कोविडच्या साथीपासून आपल्या घरांत, कट्ट्यावर आणि मोबाइलवरच्या कुटुंबाच्या ग्रुपवर दोन वाक्ये वारंवार ऐकू येतात. एक म्हणजे, ‘शास्त्रज्ञ आज एक सांगतात, उद्या दुसरे, मग विश्वास कशावर ठेवायचा?’ आणि दुसरे, ‘त्यातले आपल्याला काय कळणार? मोठे लोक सांगतील ते ऐकायचे.’ पहिल्या वाक्यात संशय आहे, दुसऱ्यात शरणागती. दोन्हींच्या मुळाशी एकच समजूत आहे : विज्ञान म्हणजे तज्ज्ञांनी सांगितलेली उत्तरे. उंडेऱ्याची गोष्ट नीट पाहिली की ही समजूत किती अपुरी आहे ते कळते. विज्ञान ही मुख्यतः उत्तर तपासण्याची रीत आहे, आणि त्या रीतीत तज्ज्ञांइतकाच समाजाचाही वाटा असतो.

मुंबईत प्लेग येतो

सप्टेंबर १८९६ मध्ये मुंबईच्या मांडवी भागात एका विचित्र तापाचे रुग्ण दिसू लागले. काखेत किंवा जांघेत गाठ, भयंकर ताप, आणि काही दिवसांत मृत्यू. हा प्लेग आहे, असे निदान डॉ. अकासियो गाब्रिएल व्हिएगस यांनी केले. ते मूळचे गोव्यातील हडफड्याचे. अनेकांना हे निदान पटले नाही, कारण बंदरावर प्लेग आहे असे जाहीर करणे म्हणजे व्यापार बंद पडणे. पण निदान खरे ठरले. पुढच्या काही महिन्यांत लाखो लोकांनी मुंबई सोडली आणि रेल्वेच्या वाटेने रोगही पुणे, कराची, गुजरात असा पसरत गेला.

रोगाचा जंतू तोवर सापडला होता. १८९४ साली हाँगकाँगमध्ये अलेक्झांडर यर्सिन यांनी तो शोधला होता. पण जंतू सापडणे आणि माणूस वाचवणे यांत मोठे अंतर असते. त्याच सुमारास हिंदुस्थानात वाल्देमार हाफकिन नावाचे शास्त्रज्ञ होते. जन्म १८६० चा, ओडेसा शहरातला, धर्माने ज्यू, पॅरिसच्या पाश्चर संस्थेत तयार झालेले. कॉलऱ्याची लस घेऊन ते १८९३ मध्ये इकडे आले होते. सरकारने त्यांना मुंबईला बोलावले आणि ग्रँट मेडिकल कॉलेजमध्ये जागा दिली.

त्यांची कृती ऐकून गंमत वाटेल. मांसाच्या रसात प्लेगचे जंतू वाढवायचे आणि त्यावर चक्क साजूक तूप तरंगत ठेवायचे. तुपाच्या थेंबांना धरून जंतू खाली लोंबत वाढतात. भांडे हलवले की ते तळाशी बसतात आणि पुन्हा नवे वाढतात. असे पुरेसे जंतू जमले की उष्णतेने मारायचे आणि त्या मेलेल्या जंतूंचा द्रव टोचायचा. १० जानेवारी १८९७ रोजी हाफकिन यांनी ही लस प्रथम स्वतःला टोचून घेतली. त्यांना चांगलाच ताप आला, पण ते ठीक झाले.

येथे एक गोष्ट लक्षात घेण्यासारखी आहे. स्वतःला टोचून घेणे हे धैर्याचे काम होते, आणि त्यातून लस माणसाला मारत नाही एवढे कळले. ती प्लेगपासून वाचवते का, हे त्यातून कळण्यासारखे नव्हते. हाफकिन यांना प्लेग झाला नाही, पण मुंबईत लस न घेतलेल्या बहुसंख्य लोकांनाही तो झाला नव्हता. ‘मी घेतले आणि मला काही झाले नाही’ या वाक्याचा पुरावा म्हणून फारसा उपयोग नाही, मग ते वाक्य शास्त्रज्ञाने उच्चारले तरी.

भायखळ्याच्या तुरुंगातले आकडे

त्याच जानेवारीच्या अखेरीस भायखळ्याच्या तुरुंगात प्लेग शिरला. सगळे कैदी एकाच छपराखाली, एकच अन्न खाणारे. त्यांच्यापैकी जे तयार झाले त्यांना लस टोचण्यात आली. ज्यांना टोचण्याच्या दिवशीच रोग झालेला दिसला ते वगळले, तर हिशेब असा निघाला. लस न घेतलेले १७२; त्यांत १२ जणांना प्लेग झाला, ६ दगावले. लस घेतलेले १४७. त्यांत २ जणांना प्लेग झाला, कोणीही दगावले नाही.

आकडे आशादायक होते. पण शंका घ्यायला दोन जागा होत्या. पहिली शंका योगायोगाची. सहा मृत्यू आणि सहाही एकाच बाजूला, हे नाणे सहा वेळा उडवून सहाही वेळा छापा पडण्यासारखे आहे. तसे ६४ वेळांत एकदा आपसूक घडते. दुर्मीळ खरे, पण अशक्य नाही.

दुसरी शंका अधिक खोल आहे. लस घ्यायला जे आपणहून पुढे आले ते मुळातच वेगळे असतील तर? कदाचित ते अधिक धडधाकट असतील किंवा जास्त काळजी घेणारे असतील. मग फरक लसीमुळे पडला की माणसांमुळे, हे कसे सांगणार? ही शंका काढणारे लोक विज्ञानाचे विरोधक नव्हते. शंका काढणे हाच या कामाचा भाग आहे, आणि चांगला प्रयोग म्हणजे शंकेला जागा कमी करत नेणारा प्रयोग.

उंडेऱ्यात काय केले?

फेब्रुवारी १८९८ मध्ये बडोदे संस्थानाच्या हद्दीतल्या उंडेऱ्यात प्लेग होता. गावात घरटी माणसे मोजली गेली आणि प्रत्येक कुटुंबाचे दोन भाग करण्यात आले. एका भागाला लस टोचायची, दुसऱ्याला नाही. वाटणी करताना पुरुष, बायका, मुले, धडधाकट आणि अशक्त माणसे दोन्हीकडे शक्यतो सारखी येतील असे पाहिले. अशा तऱ्हेने पाचशेहून अधिक लोकांना लस देण्यात आली.

ही कल्पना साधी दिसते, पण भायखळ्याच्या प्रयोगापेक्षा ती फार पुढची आहे. एका घरातली माणसे एकाच ओसरीवर झोपतात, एकाच चुलीवरचे खातात, एकाच विहिरीचे पाणी पितात. त्यांच्या घरातले उंदीरही तेच. म्हणून घराघरांतला फरक, गरिबी-श्रीमंतीचा फरक, वस्तीचा फरक हे सगळे आपोआप बाजूला पडतात. उरतो तो मुख्यतः एकच फरक : टोचलेला आणि न टोचलेला.

पुढच्या काही आठवड्यांत ज्या २८ कुटुंबांत प्लेग शिरला, त्यांचा हिशेब असा होता. लस घेतलेली माणसे ७१. त्यांतले ८ आजारी पडले, ३ दगावले. लस न घेतलेली माणसे ६४. त्यांतले २७ आजारी पडले, २६ दगावले.

हे आकडे क्षणभर थांबून पाहावेत. लस न घेतलेल्या ६४ जणांत २६ मृत्यू, म्हणजे दर पाच जणांमागे दोन. लस घेतलेल्या ७१ जणांतही याच प्रमाणात माणसे गेली असती, तर सुमारे २९ मृत्यू झाले असते. झाले ३. नाण्याच्या भाषेत, एकूण २९ मृत्यूंपैकी २६ एकाच बाजूला पडले. २९ वेळा नाणे उडवून किमान २६ वेळा छापा पडणे हे लाखात एकदाही घडत नाही. एका घरातले आजार एकमेकांशी जोडलेले असतात, त्यामुळे ही तुलना ढोबळ आहे; तरी फरकाचा आवाका तिच्यावरून समजतो.

हे आकडे लसीची मर्यादाही दाखवतात. लस घेतलेल्या आठ जणांना प्लेग झालाच आणि तिघे गेले. म्हणजे ‘लस घेतली की प्लेग होत नाही’ हे वाक्य खोटे होते, आणि ‘लस घेऊनही अमका गेला, म्हणजे लस निरुपयोगी’ हे वाक्यही खोटे होते. उंडेऱ्याने दिलेले उत्तर या दोन वाक्यांच्या मधले आहे : धोका पुष्कळ कमी होतो, संपत नाही. विज्ञानाची बरीच उत्तरे अशीच असतात. घोषणेत बसत नाहीत म्हणून ती कमकुवत वाटतात, एवढेच.

त्या सव्वीस जणांचे काय?

इथवर आलेल्या वाचकाच्या मनात एक प्रश्न उभा राहिला असेल, आणि तो टाळणे योग्य होणार नाही. ज्या २६ जणांना लस दिली नव्हती, ते गेले. कोणाचा भाऊ, कोणाची आई, कोणाचे मूल. त्याच घरातल्या दुसऱ्या भावाला लस मिळाली होती. हे ज्ञान फुकट मिळालेले नाही.

त्या वेळच्या बाजूने एवढे म्हणता येईल की लस उपयोगी आहे हे तेव्हा सिद्ध झालेले नव्हते. ती घातक ठरली असती, तर किंमत लस घेणाऱ्यांनी मोजली असती. आधीच खात्री असती, तर प्रयोगाची गरजच नव्हती. पण आजच्या नियमांनी पाहिले तर बरेच प्रश्न उरतात. गावकऱ्यांना सगळे समजावून सांगितले होते का? नाही म्हणण्याची मोकळीक होती का? आज माणसांवरच्या प्रयोगाआधी स्वतंत्र नीतिसमितीची परवानगी लागते, प्रत्येकाची समजून-उमजून दिलेली लेखी संमती लागते, आणि फरक स्पष्ट दिसू लागला तर प्रयोग मध्येच थांबवून उरलेल्यांना औषध देण्याची सोय ठेवावी लागते. हे नियम प्रयोगशाळेच्या नळीतून आले नाहीत. समाजाने विचारलेल्या प्रश्नांतून आणि काही ठिकाणी झालेल्या अन्यायांतून ते आले. कसे तपासायचे हे विज्ञान सांगते. तपासताना कोणाला काय सोसायला लावायचे नाही, हे समाजाने ठरवायचे असते.

उत्तर बदलते तेव्हा

आता ‘आज एक, उद्या दुसरे’ या तक्रारीकडे वळू. प्लेगच्या बाबतीत उत्तर खरोखर बदलले. सुरुवातीला बहुतेक डॉक्टरांची समजूत अशी होती की रोग घाणीत, ओल्या जमिनीत, कोंदट घरांत राहतो. म्हणून घरांची कौले काढली, भिंतींना चुना फासला, कार्बोलिक ॲसिड ओतले. १८९८ मध्ये पॉल-लुई सिमों या फ्रेंच डॉक्टरांनी कराचीत प्रयोग करून दाखवले की रोग उंदरांवरच्या पिसवांतून पसरतो. त्या काळच्या चौकशी आयोगाने ते मानले नाही. पुढे काही वर्षांनी मुंबईत दुसऱ्या संशोधकांनी पुन्हा प्रयोग केले. प्लेगच्या घरांत गिनीपिग पिंजऱ्यात ठेवले. काही साध्या पिंजऱ्यांत, काही पिसू आत शिरू शकणार नाही अशा बारीक जाळीच्या पिंजऱ्यांत. हवा तीच, जमीन तीच, घर तेच. साध्या पिंजऱ्यातले प्राणी आजारी पडले, जाळीतले वाचले. रीत पुन्हा उंडेऱ्याचीच : एक गोष्ट सोडून बाकी सगळे सारखे ठेवायचे.

म्हणजे जाणकार चुकले होते, मान्यवर आयोगही चुकला होता. पण ही चूक शोधली कोणी? त्याच रीतीने काम करणाऱ्या इतरांनी. उत्तर बदलले ते कोणाची लहर फिरली म्हणून नव्हे, पुरावा पुढे आला म्हणून. एखाद्या विषयात उत्तर बदलले असे ऐकले की आपण एवढेच विचारावे : कशामुळे बदलले? नवी नोंद, नवी तुलना पुढे आली असेल, तर तो बदल विश्वास वाढवणारा आहे.

यात आणखी एक धडा आहे. ‘उंदीर पडू लागले की गाव सोडा’ हे शहाणपण आपल्याकडे खेड्यापाड्यांतल्या लोकांना आधीपासून होते. प्लेगच्या वर्षी गावाबाहेर शेतात झोपड्या घालून राहिल्याच्या आठवणी अनेक मराठी कुटुंबांत सांगितल्या जातात. लोकांचे निरीक्षण बरोबर होते. त्यामागचे कारण प्रयोगाने कळले, आणि कारण कळल्यामुळे पुढचा उपायही सुचला : उंदरांचा बंदोबस्त, धान्याची कोठारे घरापासून दूर, पिसवांवर औषध. परंपरेतली गोष्ट जुनी आहे म्हणून खरी मानायची नाही आणि जुनी आहे म्हणून टाकायचीही नाही. तिलाही तीच कसोटी लावायची.

मुलकोवालची बाटली

विज्ञानावर विश्वास ठेवायचा म्हणजे वैज्ञानिकांच्या हातून अपघात होणार नाहीत असे मानायचे, असा अर्थ नाही. ३० ऑक्टोबर १९०२ रोजी पंजाबातल्या मुलकोवाल गावात प्लेगची लस टोचण्यात आली. त्या दिवशी १०७ जणांना लस दिली. त्यांतल्या १९ जणांना धनुर्वात झाला आणि ते सर्वच्या सर्व दगावले.

हा धक्का फार मोठा होता. हाफकिन यांच्यावर ठपका आला, त्यांच्या प्रयोगशाळेतच बाटली दूषित झाली असे सरकारी चौकशीने धरले, आणि त्यांना मुंबईचे काम सोडावे लागले. पण नोंदी काय सांगत होत्या? १९ च्या १९ जणांना लस एकाच बाटलीतून दिली होती. तिचा क्रमांक ५३-एन. दुसऱ्या बाटल्यांतून टोचलेल्यांना काही झाले नव्हते. बाटली उघडताना तिच्या द्रवाला कसलाही वास नव्हता, हेही नोंदलेले होते. धनुर्वाताचे जंतू आत बरेच दिवस वाढत असते, तर दुर्गंधी आली असती. आणि बाटली उघडण्याचा चिमटा आधी जमिनीवर पडला होता, तो ज्योतीवर न धरता नुसता जंतुनाशकात बुडवून वापरला होता. धनुर्वाताचे जंतू तर मातीतच असतात.

मलेरियाच्या शोधासाठी नोबेल मिळवणारे रोनाल्ड रॉस आणि त्यांच्यासह अनेक नामवंत शास्त्रज्ञांनी हे मुद्दे १९०७ मध्ये ‘टाइम्स’मध्ये जाहीर पत्र लिहून मांडले. हाफकिन निर्दोष ठरले, पण उमेदीची वर्षे वाया गेली होती. १८९९ पासून परळला असलेल्या प्लेग प्रयोगशाळेला १९२५ साली त्यांचेच नाव दिले गेले. आजची हाफकिन संस्था ती हीच.

या प्रकरणात न्याय कशामुळे मिळाला, हे पाहण्यासारखे आहे. बाटलीवर क्रमांक होता, कोणाला कोणत्या बाटलीतून टोचले याची यादी होती, उघडताना काय दिसले ते टिपलेले होते. ही कारकुनी वाटणारी कामे नसती, तर एकतर सगळी लसच बदनाम झाली असती किंवा सगळे प्रकरण दडपले गेले असते. औषधाच्या पट्टीवरचा बॅच नंबर, मुलाच्या लसीकरणाच्या कार्डावरची तारीख या आपल्याला किरकोळ वाटणाऱ्या नोंदी म्हणूनच जपून ठेवायच्या असतात.

सक्ती आणि समजूत

विज्ञानाने उपाय सांगितला तरी तो अमलात आणणारा समाजच असतो. प्लेगच्या काळात हे फार कटू रीतीने दिसले. १८९७ मध्ये पुण्यात रँडसाहेबाच्या प्लेग कमिटीने गोऱ्या सोल्जरांकडून घरझडत्या घेतल्या. देवघरापर्यंत शिपाई गेले, घरातल्या माणसांना ओढून नेले. रोग्याला वेगळे ठेवावे या विचारात गैर काही नव्हते. पण तो ज्या पद्धतीने राबवला, त्यामुळे लोक रुग्ण लपवू लागले आणि साथ रोखण्याचा हेतूच फसला. २२ जून १८९७ च्या रात्री चापेकर बंधूंनी रँडवर गोळ्या झाडल्या, हा इतिहास आपण शाळेत शिकलो. त्याच साली त्याच पुण्यात सावित्रीबाई फुले आपल्या डॉक्टर मुलाबरोबर प्लेगच्या रुग्णांची सेवा करत होत्या. त्या सेवेतच त्यांना लागण झाली आणि १० मार्च १८९७ रोजी त्यांचे निधन झाले. रोग एकच, शहरही एकच. पण एकीकडे लोक दार लावून घेत होते आणि दुसरीकडे आपणहून रुग्ण आणत होते.

मुंबईत वेगळा प्रकार घडला. खोजा समाजाचे धर्मगुरू आगाखान यांनी हाफकिन यांच्या प्रयोगशाळेला जागा दिली आणि लोकांसमोर स्वतः लस टोचून घेतली. पाठोपाठ त्यांच्या समाजातल्या हजारो लोकांनी ती घेतली. लस तीच होती. फरक होता तो सांगणारा कोण आणि कसा सांगतो याचा. आपल्यासारख्या मंडळांनाही यात काम आहे. घरातल्या ज्येष्ठांना सरकारी पत्रकापेक्षा ओळखीच्या माणसाने, आपल्या भाषेत, शंका ऐकून घेऊन सांगितलेले जास्त पटते. शंका घेणाऱ्याला अडाणी म्हटले की संवाद संपतो.

आपल्या घरात काय करता येईल?

जंतूंचे शास्त्र सगळ्यांना शिकता येणार नाही, आणि त्याची गरजही नाही. उंडेऱ्याच्या हिशेबातून चार प्रश्न मात्र आपण सगळे उचलू शकतो. औषध, काढा, यंत्र, आहार, काहीही असो, कोणी दावा केला की विचारायचे :

१. तुलना कोणाशी केली? ‘हा काढा घेतला आणि ताप चार दिवसांत उतरला’ असा निरोप येतो. पण साधा विषाणूचा ताप काही न घेताही बहुधा चार-पाच दिवसांत उतरतो. काढा न घेतलेल्यांचा ताप कधी उतरला, हे सांगितल्याशिवाय त्या वाक्याला अर्थ नाही.

२. किती जण होते, आणि कोण मोजायचे राहिले? दहा जण बरे झाले हे सांगितले जाते. बरे न झालेले किती होते, हे बहुधा सांगितले जात नाही.

३. नोंद कोणी ठेवली आणि दुसऱ्या कोणी पडताळली? विकणाऱ्यानेच मोजले असेल तर अधिक सावध राहायचे, मग तो गल्लीतला वैदू असो, मोठी औषध कंपनी असो की टीव्हीवरची जाहिरात.

४. काय दिसले तर सांगणारा आपले मत बदलेल? ‘काहीही झाले तरी मी म्हणतो तेच खरे’ असे उत्तर आले, तर तो दावा तपासण्याच्या पलीकडे गेलेला आहे.

हे प्रश्न डॉक्टरांनाही विचारावेत, मात्र अदबीने आणि योग्य वेळी. छातीत कळ येत असताना वाद घालत बसू नये. तेव्हा दवाखाना गाठावा. पण लांबचे औषध, मोठी शस्त्रक्रिया, मुलांचे लसीकरण यांबद्दल ‘फायदा किती, धोका किती, आणि काहीच न केल्यास काय होईल?’ असे विचारणे हा आपला हक्क आहे. चांगल्या डॉक्टरांना अशा प्रश्नांचा राग येत नाही.

हाफकिन यांची ती लस आज सर्रास वापरात नाही. प्लेगवर आता प्रतिजैविके आहेत आणि वेळेवर दिली तर ती बहुतेकांना वाचवतात. १९९४ च्या सप्टेंबरात सुरतेत प्लेगची बातमी पसरली तेव्हा औषध उपलब्ध असूनही लाखो लोकांनी घाबरून शहर सोडले, हे आपल्यातल्या अनेकांना आठवत असेल. औषध शंभर वर्षांत खूप सुधारले. ऐकीव बातमी तपासण्याची सवय तेवढी सुधारली नाही. तिथे काम बाकी आहे, आणि ते प्रयोगशाळेत होण्यासारखे नाही.

आपल्या बऱ्याच कुटुंबांचे बडोद्यातले वास्तव्य सयाजीराव महाराजांच्या काळापासूनचे, काहींचे त्याही आधीचे आहे. कोणाच्या घरी प्लेगच्या वर्षांतली पत्रे, रोजनिशी, लस टोचल्याचा दाखला किंवा आजी-आजोबांनी सांगितलेल्या आठवणी असतील, तर मंडळाच्या कार्यालयात जरूर कळवावे. मूळ कागद आपल्याकडेच राहील, आम्ही प्रत काढून घेऊ. शक्य असेल तिथे तारीख, गाव आणि घरातली माणसे किती होती हेही लिहून द्यावे.